बोडक्या डोक्यानं नळदुर्गला

सोलापूरहून नळदुर्गला जायचं म्हणजे पूर्वी मोटारीत बसायचं आणि जेवणाच्या वेळेला बहिणीच्या घरी पोचायचं, एवढंच होतं. इंग्रज गेले, निजामाचं राज्य तेवढं वेगळं राहिलं आणि गिरिजेचं सासर बसल्या जागी परदेश झालं. तिकडे बंदुका घेतलेले खाकीवाले फिरत होते, माणसं घरदार सोडून आमच्याकडे येत होती. गिरिजा पोटुशी, आणि तिच्या सासूबाई तिला पाठवायला तयार नव्हत्या. आप्पा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "तू स्वतः जा आणि तिला घेऊनच ये."

निघायच्या आधी सगळ्या गल्लीनं मला अक्कल शिकवली. पांढरी टोपी नको, चळवळीतला समजून धरतील. काळी टोपी नको, ती दुसऱ्या पक्षाची. पटका नको, काही लपवलंय म्हणून भर रस्त्यात सोडायला लावतील. सांगणाऱ्यांपैकी एकानंही हद्दीपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. शेवटी वैतागून मी बोडकाच निघालो.

मोटार हद्दीपर्यंतच गेली. पुढे करोडगिरी नाका (जकातीची चौकी) होता. तिथल्या शिपायानं माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता मला सोडलं. गल्ली शहाणी निघाली म्हणायची, असं वाटलं.

नंतर कधी पायी, कधी कुणाच्या बैलगाडीत. वैशाखाचं ऊन टाळूवर घेत मी सगळ्या गल्लीचा उद्धार करत होतो. एका विहिरीवर म्हाताऱ्यानं पाणी दिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं वो पावणं?"

मला वाटलं, हद्द ओलांडून कोण गेलं असं विचारतोय. म्हटलं, "एक एक करून सगळेच चाललेत."

त्याच्या हातातला तांब्याच निसटला. ऊन लागलं असेल बिचाऱ्याला, असं म्हणून मी पुढे निघालो.

नळदुर्ग किल्ल्याची काळी तटबंदी दिसली तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. गिरिजेच्या दाराशी हुग्गीचा (गव्हाच्या खिरीचा) वास आला आणि चला, एवढी तरी गोष्ट धड झाली असं वाटलं. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. माझं डोकं पाहताच त्यांनी तोंडाला पदर लावला आणि आत जाऊन पातेलं चुलीवरून उतरवलं. सुतकात गोड कसलं! तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. बोडकं डोकं ही सुतकाची खूण; भर दिवसा उघड्या डोक्यानं बहिणीच्या दारात भाऊ उभा, म्हणजे बापच गेला असणार.

गिरिजा उंबऱ्यातच बसली आणि हंबरडा फोडला. मी वाकून तिच्या कानात म्हणालो, "अगं, आप्पा ठणठणीत आहेत. टोपीची भानगड आहे सगळी."

ती क्षणभर थांबली. मग माझा हात घट्ट दाबून आधीपेक्षा मोठ्यानं रडू लागली.

"जा बाई," सासूबाई म्हणाल्या, "मातीला (अंत्यविधीला) न्हाय जायाचं तर कवा जायाचं? शरणू, तूबी जा. माझ्याजवळ शेजारीण निजंल." शरणू म्हणजे माझे दाजी. गिरिजेनं त्यांना परसात नेऊन खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी मुकाट्यानं बैल जुंपले. मला कोरडी भाकरी आणि शेंगाचटणी मिळाली. हुग्गी कुणी खाल्ली, देव जाणे.

परतीला नाक्यावर दोन खाकीवालेही उभे होते. गाठोडी घेतलेल्या एका कुटुंबाला त्यांनी आमच्यादेखत माघारी हाकललं.

"सिर खुल्ला कायकू? कौन गुजरे?" त्यातल्या थोराडानं विचारलं.

जिवंत बापाला मेला म्हणायला माझी जीभ रेटेना. गिरिजेनंच "आप्पा गेले वो" म्हणून टाहो फोडला. त्याचा चेहरा जरा निवळला. "जाव, मुँ देख लेव." मग दाजींकडे बोट दाखवून तो म्हणाला, "जवाई यहींच ठैरेंगे. सबके सब गये तो वापस कौन आता?"

गिरिजेनं दाजींचा दंड धरला. दाजी हुज्जत न घालता खाली उतरले आणि कासरा माझ्या हातात दिला. "हळू हाका, अण्णा," ते म्हणाले. "पुढं लई खड्डे हायत."

आमची हद्द लागली तरी तिचं रडणं थांबेना. ऊन, भूक आणि दिवसभराचा मनस्ताप डोक्यात होता. मी खेकसलो, "पुरे आता. कुणी बघत नाही."

"त्या नाक्यावर खोटं रडले, अण्णा," ती म्हणाली. "आता तर रडू दे."

अशा प्रवासात डोक्यावर काय असावं याचा मी दिवसभर घोळ घातला होता, आणि कुणाला सोडून यावं लागेल याचा विचार एकदाही केला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. गिरिजेला पाहून त्यांनी देवाला हात जोडले. मग गाडीच्या मागे वाकून पाहिलं.

"जावई कुठायत?" त्यांनी विचारलं.