सायकलच्या ब्रेकची तार

थंडीत डिझेलच्या पांढऱ्या धुराचा वास आला की विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांतली चुडावा गावातली एक सकाळ आठवते. मी एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचं टायमिंग पुढं घेणारी तार तुटलेली, त्यामुळं गार इंजिन चालू व्हायचं नाही. मालक तार बदलायचा नाही, रोज आमच्या दलित वस्तीतली माणसं धक्का मारायला फुकट बोलवायचा. त्या दिवशी मी सायकलच्या ब्रेकची तार जोडली आणि ओढली. ओढली की डिझेल जरा आधी पडतं, गारठ्यात पेटायला त्याला वेळ मिळतो. इंजिन खडखडत उठलं. "लय आवाज करायलंय," मालक म्हणाला. मी म्हणालो, "गरम झालं की तार सोडतो, आवाज बसंल. पण वस्तीतलं कुणी आता धक्क्याला येणार न्हाई." धक्क्याला आलेली माणसं हाताची घडी घालून उभी राहिली. आजही कुणी "ए, धक्का मार" म्हणालं, की मी त्याला आधी बॉनेट उघडायला लावतो.