मोज्यातली घंटी

टपालताईनं एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं आणि तेवढ्या काळात ती कशाला म्हणून भ्यायली नाही. दिवे गेलेले जिने चढली, साखळी तोडून आलेल्या कुत्र्यांना पिशवी आडवी धरून हाकललं, वाईट बातमीचं पाकीट हातात ठेवून माणूस ते वाचून होईस्तोवर दारात उभं राहण्याची तिची छाती होती. साठीला टेकल्यावर मात्र तिला भीती जडली, आणि तीही सख्ख्या धाकट्या भावाची. एका सायकलपायी.

भाऊ सुतार. तिच्याहून बारा वर्षांनी लहान. पन्नाशी जवळ आली तरी घरात आणि घराबाहेर सगळे त्याला धाकटाच म्हणत. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. ताईनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, चोपलं, अभ्यासाला बसवलं, टपालाच्या सायकलच्या कॅरियरवर बसवून शाळेत सोडलं. एकदा वळणावर तो कॅरियरवरून घसरला आणि हनुवटी फुटली. चार टाके पडले. तो व्रण अजून त्याच्या दाढीत केस उगवू देत नाही. धाकटा दिसला की ताईची नजर आधी तिथंच जाते.

वस्तीमागच्या डोंगरावरची सायकलची वाट या दोघांनी केलेली. कुदळ, कोयता आणि दर रविवार, असं तीन वर्षं चाललं. मग दातांचा डॉक्टर आला, बेकरीवाला आला, बँकेतली एक बाई आली आणि टोळकं जमलं. डोंगराच्या पायथ्याशी पाटी लागली. फळी धाकट्यानं रंधा मारून केलेली, अक्षर ताईचं, पाकिटावर पत्ता लिहावा तसं सुटंसुटं: चालणाऱ्याला पहिली वाट. उतरणाऱ्यानं चढणाऱ्यासाठी थांबावं. वळणाआधी घंटी दोनदा. ऐकणाऱ्यानं एकदा उत्तर द्यावं. ओल्या मातीत चाक घालू नये.

घंटीचा नियम सगळ्यांत कडक होता, कारण निम्म्या वाटेवर कोपर होतं. कोपर म्हणजे हात दुमडावा तसं वळलेलं अरुंद वळण. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दोन पुरुष खोल घसरण, खाली काटेरी झुडपं आणि दगड. पलीकडचं काही दिसत नाही. उतरणाऱ्यानं तिथं थांबायचं, दोनदा घंटी द्यायची आणि कान द्यायचा. खालून उत्तर आलं तर कातळाला चिकटून उभं राहायचं. उत्तर आलं नाही तरी चढणाऱ्याचा दम ऐकू येतोच. त्या चढावर धापा न टाकता आलेला माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता. घंटी नाही, दम नाही, म्हणजे वाट मोकळी.

प्रत्येकाची घंटी वेगळी आणि प्रत्येकाला प्रत्येक घंटीचा आवाज पाठ. ताईची घंटी जुन्या टपालाच्या सायकलची, तडा गेलेली. ठण्ण न वाजता ठड् वाजायची. बेकरीवाला म्हणायचा, "ताई, ही घंटी आहे की फुटका तवा?" ताई म्हणायची, "तुझा पाव वाजवून बघ, त्याचाही असाच आवाज येतो."

दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण चढ विसरा. ती वर्षभर सपाटीवर फिरली. रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसायचा आणि ती पडदा ओढून घ्यायची. शेवटी तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाहून एक जुनी ई-बाईक आणली. पायडल मारायचं आपणच, पण मागून कुणी पाठीला हात लावावा तशी मोटर ढकलते. पहिल्यांदा कोपरापर्यंत गेली तेव्हा ती कातळाला टेकून रडली.

हे धाकट्याला सांगायची सोय नव्हती. ई-बाईकवाल्यांवर त्याचा भारी राग. ते वाट उकरतात, चालणाऱ्यांच्या अंगावर जातात, घंटी देत नाहीत. यातलं अर्धं खरंही होतं. पाटीवर त्यानं स्वतःच्या ठोकळ अक्षरात सहावी ओळ घातली होती: बॅटरीवाल्यांनी खालीच थांबावं. "घाम गाळायचा नाही आणि डोंगर पाहिजे," तो म्हणायचा. "उद्या म्हणतील, जेवतो पण चावायला मोटर द्या." दातांचा डॉक्टर यावर हमखास हसायचा.

तर ती सायकल मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलामागे, चादरीखाली. ताई फक्त बुधवारी, उजाडता उजाडता निघायची. आपली जुनी घंटी तिनं हिच्यावरही बसवली होती, पण तिच्यावर लोकरी मोजा चढवून रबर लावायची, कारण खडकाळ वाटेवर ती घंटी आपसूक खडखडायची आणि तो आवाज अख्ख्या डोंगराला ठाऊक होता. एकदा धाकटा न कळवता दाराची बिजागरी बसवायला आला. काम करता करता थांबला. "ताई, मागं काहीतरी गुणगुणतंय."

"फ्रीज असेल."

"फ्रीज पुढं आहे."

"मग उंदीर असेल. तू बिजागरी बघ."

तो हसला आणि पुन्हा स्क्रू पिळू लागला. सायकलच्या चार्जरचा पंखा बंद होईस्तोवर ताई मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

मग एका रविवारी पायथ्याशी टोळकं चहाला जमलं तेव्हा दातांच्या डॉक्टरनं बातमी आणली. मधल्या वारी कुणीतरी वर जातंय. टायरचा ठसा रुंद आहे, मोटरवालाच. धाकट्यानं थर्मासचं झाकण पिळून बंद केलं. "शनिवारी बसतो टपून," तो म्हणाला. "कोण आहे ते तोंड बघायचंय मला."

ताई घरी आली ती पाय ओढत. सायकल विकून टाकायची, तिनं ठरवलं. त्याआधी एक शेवटची फेरी. बुधवारी. शनिवार लांब होता.

बुधवारी धुकं होतं. ओठापर्यंत मफलर, डोक्यावर हेल्मेट, घंटीवर मोजा. मोटर मांजरीसारखी घुरघुरत होती, श्वास शांत होता. कोपर पन्नासेक पावलांवर आलं आणि वरून घंटी वाजली. दोनदा. स्वच्छ, पातळ, चहाच्या कपाला चमचा लागावा तशी.

धाकट्याची घंटी.

 हा आज कसा? (वाट अडवायला लाकडी फाटक करायचं म्हणून तो माप घ्यायला आला होता. हे नंतर कळलं.) नियमाप्रमाणे एकदा उत्तर द्यायचं होतं. बोट घंटीवर गेलंही. पण ठड् असा एक आवाज, आणि सगळं उघडं. कोपराला लागून कातळात एक कपार होती. तिथं आत शिरलं तर तो बाहेरून निघून जाईल, धुक्यात दिसायचंही नाही. पोचेन आधी, तिला वाटलं. तिनं बोट घंटीवरून काढलं आणि मोटरचं बटण शेवटपर्यंत चढवलं.

वर धाकट्यानं कान दिला. घंटी नाही. दम नाही. त्यानं ब्रेक सोडले.

दोघं कोपराच्या ऐन मधोमध आले. तिला त्याचे डोळे दिसले, फक्त डोळे. त्यानं हँडल बाहेरच्या अंगाला ओढलं. चाक कडेवरून गेलं आणि धुक्यात वाटेवर कुणीच उरलं नाही. मग झुडपं मोडल्याचा आवाज, दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज, आणि त्यानंतर आला तो दगडावरचा नव्हता. मऊ होता.

आणि टपालताई थांबली नाही.

हे तिनं पुढं कुणालाही सांगितलं तेव्हा लपवलं नाही. वीस पावलं ती पुढं गेली. पाय आपले फिरत होते, मोटर आपली ढकलत होती, आणि डोक्यात एकच होतं: त्यानं ओळखलं नाही. मग तिनं ब्रेक दाबला. मोटर गप्प झाली. खालून काहीच येत नव्हतं. कण्हणं नाही, शिवी नाही. धाकटा पडला आणि शिवी नाही, असं आजवर झालेलं नव्हतं.

तिनं सायकल फिरवली. कडेला आली आणि सायकलला धरून खाली वाकली. धुक्यात झुडपांचे शेंडे तेवढे दिसत होते. हाक मारायला तोंड उघडलं, पण घशातून वारा निघाला, शब्द नाही. फोनला रेंज नव्हती. तिथं कधीच नसते. मग तिनं रबर तोडलं, मोजा ओढून काढला आणि घंटी वाजवली. ठड् ठड्. थांबली. ठड् ठड्. हात थांबेना.

बऱ्याच वेळानं खालून आवाज आला. बारीक, नाकातला, नऊ वर्षांच्या पोरासारखा.

"ताई?"

"आहे. मी आहे इथं."

"जपून ये," धाकटा म्हणाला. मध्ये थांबून त्यानं श्वास गोळा केला. "वर एक बॅटरीवाला सुटलाय. घंटी देत नाही. तुला उडवेल."

ती बसत, घसरत, मुळं धरत खाली उतरली. तो दगडाला टेकून पडला होता. उजवा खांदा भलत्याच जागी गेलेला, डावा घोटा सुजत चाललेला, हनुवटीवरून रक्त, जुन्या व्रणाशेजारी नवी चीर. तिनं मोजाच त्या चिरेवर दाबला. त्याची नजर मोज्यावर गेली, मग तिच्या मफलरवर, मग हेल्मेटवर. तिथंच राहिली.

"मीच होते," ती म्हणाली. "तुझी घंटी ऐकली. ओळखली. उत्तर दिलं नाही."

 दात वाजत होते त्याचे.

"पुढंही गेले होते. वीस पावलं."

"मोजलीस?"

"सवय आहे मला."

त्यानं डोळे मिटले. ती घाबरली, गालावर चापट्या मारायला लागली, तसा तो म्हणाला, "जागा आहे. थंडी वाजतेय." त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

त्याला वर वाटेपर्यंत चढवायला अर्धा तास गेला. चालणं शक्यच नव्हतं. ताईनं ई-बाईक वाटेवर आडवी लावली, खोगीर खाली केलं. "बस. मी धरून चालते."

"यावर?"

"यावरच. माझ्या पाठीवर आता तू मावत नाहीस."

तो सायकलकडे बघत राहिला. मग चांगला हात तिच्या गळ्यात टाकून बसला. तिनं दोन्ही ब्रेक मुठीत धरले आणि उतार सुरू झाला. मोटर बंद, चाकाखाली खडे वाजत होते, त्याचं डोकं तिच्या खांद्यावर हळूहळू जड होत होतं. ती बोलत राहिली. बेकरीवाल्याच्या पावाबद्दल, फ्रीजबद्दल, उंदराबद्दल. तो उत्तर देईनासा झाला.

पुढचं वळण आलं. ती थांबली. घंटी दोनदा वाजवली आणि कान दिला. खालून काही आलं नाही. मागून, कानाजवळ, त्याचा श्वास येतोय की नाही ते तिला समजेना. ती तशीच उभी राहिली, गुडघे पेटले तरी हलली नाही.

"अजून एकदा," धाकटा पुटपुटला. "नीट वाजव. लोकांना कळू दे."

तिनं वाजवली. पायथ्याच्या पाटीपर्यंत अशी आठ वळणं होती.