दोन वर्षांचा अंगठा

आबांनी वही उलटी धरली आणि ओट्याखाली बसलेल्या सगळ्या बायकांना दाखवली.

"ह्या बाईचा अंगठा बघा," ते म्हणाले. "आन् हीच म्हनती, मला कालिजात धाडा."

त्यांच्या दुसऱ्या हातात माझा अर्ज होता. माझ्या अक्षरात लिहिलेला. कारकून हसला. बायकाही हसल्या, कारण आबा हसले की हसायचं असतं. मीही थोडी हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. शिरूरच्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक पोत्यामागे दानधर्माच्या फंडासाठी धर्मादाय कापून घेत. त्या फंडातून निराधार बायकांना महिन्याला जोंधळे आणि थोडे पैसे मिळत. होतकरू मुलांची फीसुद्धा त्यातूनच भरत. आबा फंडाचे चेअरमन. मळा त्यांचा, सोसायटी त्यांची, गावात शब्दही त्यांचाच.

माझा नवरा दौंडच्या रेल्वे यार्डात रोजंदारीवर होता. डबे जोडताना मध्ये सापडून गेला. रोजंदारीवाल्याची नोंद कच्ची, त्यामुळे हाती काही आलं नाही. मुलीला कडेवर घेऊन मी शिरूरला अब्बा-अम्मांकडे आले. अब्बा पिंजारी. लोकांच्या गाद्या भरायचे आणि दिवसभर खोकायचे. एका खोलीत आम्ही चौघं.

मी सातवीची फायनल पास आहे. फंडाच्या ओट्यावर पहिल्या दिवशी मी सहीसाठी टाक उचलला, तर कारकुनाने तो बोटांतून काढून घेतला. "बाई, सही करनारीला निराधार कोन म्हनंल? अंगठा द्या."

घरात पीठ नव्हतं. मी अंगठा दिला. घरी येऊन राखेनं घासला. मग दर महिन्याला देत गेले. दोन वर्षं. माणसाला सगळ्याची सवय होते, आणि हेच मला सगळ्यात वाईट वाटतं.

एकदा कन्याशाळेतल्या बाई गादी भरायला टाकून गेल्या. न्यायला आल्या तेव्हा त्यावर मी लावलेली नावाची चिठ्ठी बघून म्हणाल्या, हे अक्षर कुणाचं? त्यांनीच मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजबद्दल सांगितलं. दोन वर्षं शिकायचं, की मास्तरीण. मी अर्ज केला, जागा मिळाली. महिनाअखेर फी भरायची होती. म्हणून फंडाकडे अर्ज लिहिला. चांगला ठसठशीत लिहिला. चुकले ते तिथंच.

"तू लिवलास व्हय हा?" हसून झाल्यावर आबांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी निराधारांची यादी माझ्यापुढे टाकली. "मग वाच. मोठ्यानं."

मी वाचायला लागले. ज्यांची नावं, त्या समोरच बसलेल्या. रखमाबाई, एका डोळ्याने अधू, मुलगा सांभाळत नाही. काशीबाई, नवऱ्याने टाकलेली. काशीबाईंनी पदर तोंडावर ओढला. वहीत आपल्याबद्दल काय लिहिलंय, हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. आणि ते सगळ्यांसमोर मी वाचत होते. माझा आवाज बारीक होत गेला.

मग माझं नाव आलं. मी थांबले.

"वाच की," आबा म्हणाले.

"निरक्षर," मी वाचलं. "कोणतेही काम करण्यास असमर्थ."

अक्षर कारकुनाचं होतं. त्याखालचा अंगठा माझा होता.

आबांचा आवाज आता मऊ झाला. म्हणाले, "फंडाला फसवलं, माफी करा, असं लिवून दे, मग फीचं बघू. न्हाईतर अंगठा दे, जोंधळं घे आन् गप घरी जा."

मला राग यायला हवा होता. आधी थकवाच आला. वाटलं, द्यावा अंगठा आणि जावं. मुलगी सकाळपासून उपाशी होती. मग मनात आलं, फसवलं कुणी? आणि कुणाला? हे जोंधळे काही आबांच्या कणगीतले नव्हते. बाजारात पोतं आणणाऱ्या प्रत्येकाचे होते.

"अंगठा तुम्ही मागितला, आबा. मी दिला, ती माझी चूक. पन माफी मी लिहिनार न्हाई."

मी टाक उचलला आणि त्या महिन्याच्या रकान्यात सही केली. पूर्ण नाव. शेवटच्या अक्षरावर शाई सांडली. कारकुनाने वही ओढून घेतली. माझ्यासाठी मापून ठेवलेले जोंधळे पुन्हा पोत्यात गेले.

"उद्यापासनं हितं यायचं न्हाई," आबा म्हणाले.

घरी अम्मा ओरडली नाही. पोरीला काय घालू, एवढंच तिनं विचारलं. महिना संपला, फीची मुदत गेली, कॉलेजातली जागा दुसरीला मिळाली. मी अब्बांची धनुकली हातात घेतली आणि कापूस पिंजायला बसले. खांदे भरून येतात. आता खोकला मलाही लागलाय.

या वर्षी पुन्हा जागा मिळाली आहे. फंडाकडे पुन्हा अर्ज लिहिलाय. 'निरक्षर ही नोंद खोटी आहे आणि अंगठा माझ्याकडून सही नाकारून घेतला', असं पहिल्याच ओळीत लिहिलंय.

काल काशीबाई आल्या. उंबऱ्याशी बसल्या. मग म्हणाल्या, "मला नवऱ्यानं टाकलं न्हाई. मार खाऊन खाऊन मीच निघून आले. तसा माझाबी अर्ज लिव."

तसं लिहिलं. खाली सही कुठं करायची ते दाखवलं. चार अक्षरं गिरवायला त्यांना अख्खी दुपार लागली.

उद्या बाजार आहे, फंडाचं वाटपही. फी मिळेल असं मला वाटत नाही. काशीबाईंचे जोंधळेही कदाचित बंद होतील. हे त्यांना सांगितलं, तरी येते म्हणाल्या. आम्ही दोघी ओट्याखाली बसणार नाही. उभ्या राहू, आणि मी दोन्ही अर्ज मोठ्यानं वाचणार आहे. या वेळी वाच म्हणून आबांना सांगावं लागणार नाही.