आत्याच्या मुठीतला सूर्य

जगाचा शेवट मला मनापासून आवडतो. गोष्टीतला, अर्थात. वीसेक पानांत समुद्र चढावा, यंत्रं उलटावीत, आकाशातून काहीतरी प्रचंड येऊन आदळावं आणि शेवटच्या ओळीत पृथ्वीवर एक कुत्रं आणि वारा एवढंच उरावं, की मी पुस्तक छातीवर पालथं घालून तृप्तपणे डोळे मिटतो. इतरांना ही तृप्ती बासुंदीनंतर येते.

फक्त एक अडचण आहे. अशा गोष्टी वाचताना जी भीती वाटायला हवी, ती मला वाटत नाही. भलतंच काहीतरी वाटतं. एका कथेत जगातले सगळे समुद्र फुगतात आणि किनाऱ्यावरची शहरं बुडतात. लेखकानं बिचाऱ्यानं जीव तोडून लिहिलं होतं. मी मात्र विचार करत बसलो, की पाणी कसारा घाट चढेल का? नसेल चढणार, तर इगतपुरीला चौपाटी होईल. पुढे कितीतरी दिवस मुंबई नाक्यावरून जाताना मला बिल्डरांचे फलक दिसायचे: नाशिकपासून तासाभरावर, समुद्राकडे तोंड असलेले फ्लॅट. दुसऱ्या एका कथेत पृथ्वीवरची वीज कायमची जाते आणि माणसं रानटी होतात. ती संपवून मी गच्चीवर गेलो. तिथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसतात. धूर निघत होता. खाली येऊन मी गंभीरपणे बायकोला म्हटलं, "अजून आहे."

"असेल तर गिझर लावा," ती म्हणाली.

बायकोचं वाचन माझ्याइतकं नाही, पण टीका जबर. पृथ्वीवर एकच पुरुष उरल्याची कथा मी तिला वाचून दाखवली होती. ती गवार निवडत होती. शेवटचं वाक्य वाचून मी आवाज थरथरवला आणि थांबलो.

"एकटाच उरला?"

"एकटाच."

"मग कुकरच्या किती शिट्ट्या घ्यायच्या, ते त्याला कोण सांगत होतं?"

मी पानं उलटून पाहिली. लेखकाला हे सुचलंच नव्हतं.

हे सगळं घरातल्या घरात चाललं होतं तोवर ठीक होतं. मागच्या उन्हाळ्यात मी जगाचा शेवट गच्चीवर नेला, आणि गच्चीवर माझी आत्या होती.

आत्या कळवणची. आमच्या घरातल्या प्रत्येक मुलीच्या रुखवतात तिच्या हातची एक कुरडई असते. साधी नव्हे, परातीएवढी. मोठ्या सोऱ्यातून, धार न तोडता, मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत गोल गोल फिरवत नेलेली. वाळली की ती अख्खी उचलायची आणि लग्नात लाडू-चकल्यांच्या मागे, देवाच्या प्रभावळीसारखी उभी करायची. अशी कुरडई आमच्यात फक्त आत्याला जमते. बाकीच्यांनी घातलेल्या कडेला पोचेपर्यंत नकाशासारख्या होतात.

माझ्या पुतणीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. मुलगा ओझरच्या विमान कारखान्यात. पुतणीला दागिन्यांचं फारसं नव्हतं, जेवणात काय आहे हेही तिनं विचारलं नव्हतं. पण ती कुरडई तिला हवीच होती. थोरल्या बहिणींच्या लग्नाच्या फोटोंतल्या कुरडया बघत ती मोठी झाली होती. गहू भिजवायचे, आंबवायचे, वाटायचे, त्यांचा चीक काढायचा, यात दिवस जातात. हा चीक वाया गेला असता तर दुसऱ्याला सवडच नव्हती. "काका," तिनं मला आदल्या दिवशी बजावलं, "माझ्या कुरडईला काही झालं तर मी मांडवात उभी राहणार नाही." इतर कोणाला तिनं असं बजावलं नव्हतं. तिला माझा अंदाज होता.

सकाळी गच्चीवर शेगडी मांडली. बायको पातेल्यात चीक ढवळायला बसली. आत्यानं सोऱ्याला हळदीकुंकू लावलं, हळदीच्या अक्षता वाहिल्या, हात जोडले. पुतणीनं प्लास्टिकचा कागद पसरून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मला काठी देण्यात आली. कावळे हाकलायचे. कावळ्यांना खाण्यासारखं अजून काहीच नव्हतं, पण मला कामाला लावल्याचं समाधान सगळ्यांना मिळालं.

"नुसती काठी घेऊन उभा काय राहतो, पोरा?" आत्या म्हणाली. माझे केस पांढरे झालेत, पण तिला ते दिसत नाहीत. "चीक शिजेपर्यंत काही सांग. लय पुस्तकं वाचतो म्हणं."

त्याच आठवड्यात मी सूर्य विझण्याची गोष्ट वाचली होती. नाशिकच्या चैत्रात सूर्य विझण्याची गोष्ट म्हणजे बर्फ घातलेला उसाचा रस. मला राहवेना. मी काठी राजदंडासारखी धरली, घसा साफ केला आणि माझी आई श्रावणात ज्या सुरात कहाण्या वाचायची, त्या सुरात आरोळी ठोकली, "ऐका सूर्यनारायणा, तुमची कहाणी!"

हे मी गंमत म्हणून केलं. आत्याला त्यात गंमत दिसली नाही. आमच्याकडे कहाणी हातात चार दाणे धरून ऐकतात. ती चालू असेपर्यंत मूठ मिटलेली ठेवायची; शेवटी "सुफळ संपूर्ण" म्हटलं, की दाणे देवाला वाहायचे. आत्यानं डोक्यावर पदर घेतला, ताटलीतल्या अक्षता उजव्या मुठीत घेतल्या आणि डोळे मिटले. मला वाटलं, उन्हानं मिटले.

"आटपाट नगर होतं," मी सुरू केलं. "तिथे एक वेधशाळा होती. वेधशाळेत एक शास्त्रज्ञ होता. त्याच्या दोन दुर्बिणी होत्या. एक आवडती, एक नावडती."

पुतणी फिसकन हसली. मला चेव आला. एके दिवशी नावडत्या दुर्बिणीतून शास्त्रज्ञाला सूर्यावर काळसर डाग दिसला. आवडतीतून काहीच दिसेना. त्यानं आवडतीवर विश्वास ठेवला. डाग वाढला. ऊन पिवळं झालं, मग तांबडं, मग रविवारच्या दुपारसारखं उदास. नद्या गोठल्या.

"गोदावरी?" बायकोनं ढवळता ढवळता विचारलं.

"गोदावरी आधी."

"बाई! मग दशक्रियेला आलेल्या लोकांनी काय केलं?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. माणसं टेबलं जाळून शेकू लागली, मग दारं, मग पुस्तकं. इतक्यात ओझरच्या बाजूनं एक लढाऊ विमान कानठळ्या बसवत डोक्यावरून गेलं. बायकोनं झारा घट्ट धरला. मी काठीनं आकाशाकडे निर्देश करून म्हणालो, "आणि तो आवाज झाला!" असा योग नटाला जन्मात एकदा येतो.

"ते आमचे नाहीत हां," पुतणी घाईघाईनं म्हणाली. "ते नुसते बनवतात, चालवत नाहीत."

शेवटी सूर्य विझला. शास्त्रज्ञ दोन्ही दुर्बिणींच्या मधे बसल्या बसल्या गोठला. काळीठिक्कर पृथ्वी फिरत राहिली, आणि ती फिरते आहे हे जाणणारं कोणी उरलं नाही. मी काठी हळूच खाली टेकली आणि मान झुकवली.

"चीक झाला," बायको म्हणाली.

"मंग?" आत्यानं डोळे उघडले.

"मग काही नाही, आत्या. संपली."

"संपली कशी? सुफळ कुठं झाली?"

"अगं, जगच संपलं. फळ कुठून येणार?"

"मंग मी मूठ कुठं सोडू?" असं म्हणून तिनं मिटलेली मूठ माझ्यासमोर धरली, आणि काय होऊन बसलं आहे ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो. गार झाला की धार तुटते. पातेल्यात चकाकणारे बुडबुडे फुटत होते, आणि ती कुरडई घालू शकणारा जगातला एकमेव उजवा हात बंद होता.

"आजी, दाणे माझ्या हातात द्या ना," पुतणी काकुळतीनं म्हणाली.

"कहाणी मी ऐकली. बदलीवर काय ऐकतात?"

"मग डाव्या हातानं?"

"तुझ्या लग्नाची कुरडई डाव्या हातानं घालू?"

पुतणीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत रिकामा मांडव दिसत होता. बायकोनं पातेल्यात गरम पाण्याचा हबका मारला, आच बारीक केली आणि दोन्ही हातांनी ढवळत मला फर्मावलं, "अहो, सूर्य चालू करा."

"असा कसा चालू करू? लेखकानं पूर्ण विझवलाय. शास्त्रीय कारणानं."

"लेखकाला कुरडया घालायच्यात का?"

मी काठी पुन्हा उचलली. "आणि दुसऱ्या दिवशी," मी म्हणालो, "सूर्य आपोआप पेटला."

"आपोआप?" आत्या म्हणाली. "त्याला काय बटण हाय? आधी इझला कशानं ते सांग. कोणाचं चुकलं?"

"कोणाचंच नाही. आतला वायू संपत आला..."

"कोणाचंच चुकलं नाय तर कहाणी कशाची ही?"

आजवर मी इतकी जगं बुडवून, जाळून, गोठवून पार केली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. चीक घट्ट होत होता. मी डोळे मिटून उडी मारली. "शास्त्रज्ञाचं चुकलं! त्यानं नावडत्या दुर्बिणीची काच कधी पुसलीच नाही. तिनं खरं सांगितलं, तर तिचा अपमान केला. सूर्यनारायण कोपले."

आत्यानं समाधानानं मान हलवली. "आता कसा बोलला. मंग?"

"मग शास्त्रज्ञाला पश्चात्ताप झाला."

"तो गोठला हाय ना?"

गोठवला होता मीच, आणि तोही फार परिणामकारकपणे. मी घाम पुसला. तेवढ्यात पुतणी पुढे सरसावली. "काका, एका घरात एक मुलगी जिवंत होती! तिचं लग्न होतं!"

"होती!" मी ओरडलो. "तिच्या घरी शेगडीवर कुरडयांचा चीक होता, म्हणून ते घर गोठलं नव्हतं. तिनं पातेलं उचललं, वेधशाळेत गेली, आणि गरम चीक शास्त्रज्ञाच्या डोक्यावर ओतला."

"सगळा नाही," बायको दम लागलेल्या आवाजात म्हणाली. "थोडा ठेवला."

"थोडा ठेवला. शास्त्रज्ञ वितळला. त्यानं सदऱ्यानं नावडतीची काच पुसली, तिचे पाय धरले..."

"दुर्बिणीला पाय असतात?" पुतणीनं विचारलं.

"तीन असतात," मी म्हणालो. "तिन्ही धरले. रोज सकाळी काच पुसण्याचा वसा घेतला. सूर्य प्रसन्न झाला. बर्फ वितळला, गोदावरी वाहू लागली, दशक्रियेची मंडळी घरी गेली. उरलेल्या चिकाची त्या मुलीनं कुरडई घातली. तिला कडकडीत ऊन मिळालं."

आत्याचा चेहरा एकदम तीक्ष्ण झाला. "अख्खी निघाली का?"

बायकोचा झारा थांबला. मी पुतणीकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात गळ्याशी घट्ट धरले होते.

"अख्खी निघाली," मी म्हणालो.

"तडा?"

"एकही नाही."

"तिला सूर्यनारायण पावला..."

"तसा आम्हाला पावो!" आम्ही तिघांनी गलका केला, आणि कोणी थांबवायच्या आत पुतणी किंचाळली, "सुफळ संपूर्ण!"

आत्यानं मूठ उघडून अक्षता उन्हात उधळल्या, तळवा लुगड्याला पुसला, सोऱ्या भरला आणि कागदावर वाकली. मग आमच्यापैकी कोणी श्वास घेतलेला मला आठवत नाही. पांढरी धार मधल्या ठिपक्यातून निघाली आणि फिरत फिरत मोठी होत गेली. अर्धी झाली असेल, तोच ऊन गेलं. एक कुठलासा चुकार ढग. तिघीही बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या, आत्या सोऱ्यावरचा हात न थांबवता. मी ढगावर काठी उगारली. दुसरं काय करणार? ढग गेला. त्याला जायचंच होतं, पण हे मी तिथे बोललो नाही.

कडकडीत वाळल्यावर कुरडई उचलायची वेळ आली. आत्यानं कागदाखाली बोटं सरकवली आणि कागद खालून सोलत नेला. कुरडई तिच्या दोन्ही तळव्यांवर आली. अख्खी. पुतणीनं ती उन्हासमोर धरली, आणि पाहता पाहता तिच्या कपाळाला आठी पडली. ऐन मधोमध हळदीचा पिवळा तांदूळ चिकटून वाळला होता. पुसूनही तो आत्याच्या घामेजल्या तळव्यावर राहिला असावा आणि सोऱ्या फिरवताना गळला असावा.

"काढू का, आजी?"

"हात लावू नको. फुटंल."

लग्नात ती तशीच उभी राहिली. पुतणी मांडवात शिरायच्या आधी दोनदा डोकावून बघून गेली. जेवणं आटोपल्यावर ओझरच्या विहीणबाई रुखवत बघायला आल्या. लाडवांवरून, चकल्यांवरून नजर फिरवत कुरडईपाशी थांबल्या. चष्मा वर केला.

"किती सुरेख! पण मधे ही अक्षता कशाची हो?"

मी उत्साहानं पुढे झालो. हातात काठी नव्हती, म्हणून सुपारीचं तबक घेतलं. पण आत्यानं मला कोपरानं मागे सारलं.

"त्याला इचारू नका, विहीणबाई," ती म्हणाली. "आणि इचारलंच, तर आधी हातातलं सगळं खाली ठेवा."