बेटवाल्याचा समुद्र

दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून तो हवेत एक चौकोन करायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "एवढंच बघा, भाई. बाकीचं सोडा." समोर काहीही असो. भोरच्या एसटी स्टँडमागचा उकिरडा असो, नाहीतर माझ्या स्टुडिओतला पासपोर्ट फोटोचा मळका पडदा. चौकोनात काहीतरी बरं सापडेपर्यंत तो हात हलवत राही. सापडलं की चेहरा असा खुलायचा, जणू ते त्यानेच तिथं आणून ठेवलंय.

सगळं वेल्हं त्याला बेटवाला म्हणायचं, मीही तेच म्हणतो. खरं नाव सांगून त्याच्यामागं आणखी माणसं लावायची नाहीत मला. आधी माझ्या प्रिंटांनी लावली ती पुरे झाली.

वेल्ह्याच्या खोऱ्यात वाढलेला हा गडी भोरच्या आयटीआयमध्ये मशीनचं काम शिकला आणि मालदीवमधल्या एका बेटावर नोकरीला लागला. बेट म्हणजे अख्खं एक हॉटेल. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढं. समुद्राचं खारं पाणी गोडं करायचं मशीन सांभाळणं हे त्याचं काम. सुट्टी झाली की दुसरा उद्योग नाही, जायला गाव नाही, बोलायला माणूस नाही. म्हणून त्याने गावी परतणाऱ्या एका आचाऱ्याकडून जुना कॅमेरा घेतला. त्याचं एक बटण तुटलेलं होतं, ते तो आगपेटीच्या काडीने दाबायचा. दर दिवाळीला सुट्टीवर आला की आधी भोरला माझ्याकडे, मग घरी. खिशातून मेमरी कार्ड काढायचा आणि लग्नाचे फोटो निवडायला आलेल्या गिऱ्हाईकांच्या छातीवर बसून आपला समुद्र दाखवायचा. मी वैतागायचो. गिऱ्हाईकं मात्र आपले फोटो विसरून त्याचे बघत बसायची.

फोटो चांगले असायचे. मी तिसऱ्या पिढीचा फोटोग्राफर, उगीच कुणाला चांगलं म्हणत नाही. एकदा आईला घेऊन आला. म्हातारीने स्क्रीनवरचं ते निळंशार पाणी नीट निरखलं आणि विचारलं, "एवढं पाणी, आन भात न्हाई लावत व्हय तितं?"

"खारं असतंय, आय."

"मंग काय कामाचं!" म्हणून तिने तोंड फिरवलं. पुढे ती वारली तेव्हा तो बेटावरच होता.

हळूहळू त्याचा समुद्र आमच्या दोन तालुक्यांत पसरला. मी मोठ्या प्रिंटा काढून द्यायचो, तो वाटायचा. न्हाव्याच्या दुकानात समुद्र, दवाखान्यात समुद्र. राजगडाखाली पालीत एका खानावळीच्या भिंतीवर तर दारापेक्षा मोठा समुद्र लागला. ट्रेकिंगला आलेली पुण्याची मंडळी त्याच्याखाली बसून पिठलं-भाकरी खायची. एका पोरीने मालकाला विचारलं म्हणे, हे गडावरून दिसतं का? मालक बेधडक म्हणाला, "व्हय, पलीकडल्या अंगानं."

पण माझी नजर धंद्याची. त्या बेटाचे शेकडो फोटो पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की किनाऱ्याचा प्रत्येक फोटो डावीकडे एका वाकड्या माडापाशी संपतो. कधी माड अर्धा, कधी पूर्ण, पण त्याच्या पुढे काही नाही. एकदा विचारलंच.

"त्या माडापलीकडं काय आहे रे?"

"गोदाम हाय. ठेकेदाराच्या कामगारांची वस्ती. कचरा बी तितंच जाळत्यात."

"मग काढ की एखादा फोटो."

"बंदी हाय तिकडं. आन काढून दावू कुणाला, भाई? आयला?" मग त्याने दोन्ही हात उचलून माझ्या टेबलावरच्या चहाच्या ग्लासाभोवती चौकोन धरला. विषय संपला.

त्याची स्वतःची खोली माडाच्या अलीकडे होती. पंखा होता, दोघंच राहायचे. मशीनवाल्या माणसाला हॉटेल जपतं. बोटींतून माल उतरवणाऱ्यांना कोण जपतो?

आता दत्ताचं सांगायला हवं. पालीच्या अलीकडे एक वाडी आहे, तिथल्या आबांचा हा मुलगा. टेम्पो चालवायचा, त्या खानावळीत भाजी टाकायला जायचा, आणि रोज तो समुद्र बघायचा. बेटवाला सुट्टीवर आला की हा त्याची पाठ सोडायचा नाही. "दादा, मला न्या की तिकडं." बेटवाला म्हणायचा, "काम लई असतंय रे." त्यावर दत्ता भिंतीकडे बोट दाखवून म्हणे, "असल्या जागंत काम बी गोड लागंल." हे ऐकून बेटवाला हसायचा. त्या हसण्यात थोडी फुशारकी होती, खोटं कशाला बोलू? आपल्या फोटोचं कौतुक कुणाला नको असतं.

शेवटी दत्ता एजंटामार्फत गेला. त्याच बेटावर, माल उतरवायच्या कामावर. महिन्याभरात त्याचा एक फोटो गावात फिरला. बेटवाल्यानेच काढलेला. डोळ्यांवर कुणाचा तरी गॉगल, मागे समुद्र, हात माडाच्या बुंध्यावर, आणि हसू असं की बघणाऱ्यालाही हसू यावं.

वर्ष भरायच्या आत एका सकाळी दत्ता उठलाच नाही. झोपेतच गेला. वय तिशीच्या आसपास, टेम्पोत एकट्याने पोती चढवणारा गडी. कागदावर हृदयविकार लिहून आलं. सोबतचे कामगार एवढंच सांगत होते, की त्या आठवड्यात उकाडा फार होता.

दत्ताची शवपेटी घेऊन बेटवाला आला. विमान, मग अँब्युलन्स, सगळा प्रवास पेटीशेजारी बसून. पेटी उघडू नका, दिवस झालेत, असं बजावून पाठवलं होतं. आबांनी लाकडावर हात ठेवला, मुलाचं तोंड काही दिसलं नाही. पेटीसकटच अग्नी दिला.

आमच्याकडे माणूस जन्मला, शिकला, निवडून आला की फ्लेक्स लागतो, आणि मेला की तर लागतोच. दत्ताचे मित्र फोटो घेऊन माझ्याकडे आले. तोच, गॉगलचा. मी नेहमीप्रमाणे मागचं कापून ढग आणि समई टाकायला घेतली, तर एकजण म्हणाला, "राहू द्या की समुद्र, भाई. किती खूश दिसतोय आमचा दत्ता." राहू दिला. भावपूर्ण श्रद्धांजली, आणि मागे निळाशार समुद्र.

दशक्रियेच्या दिवशी मी आणि बेटवाला वेल्ह्याच्या चौकात उतरलो. फ्लेक्सखाली दोन तरुण उभे होते, मान वर करून. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "काय जागा हाय राव!" तेवढ्यात त्यांनी बेटवाल्याला पाहिलं. दोघं अदबीने जवळ आले. एकाने आवाज खाली आणून विचारलं, "दादा, दत्ताची जागा मोकळी झाली आसंल न्हवं? त्या एजंटाचा नंबर द्या की."

तुम्ही म्हणाल, माणसं अशी कशी? माणसं वाईट नव्हती हो. त्यांनी फोटो बघितला होता, दुसरं काय बघितलं होतं त्यांनी? बेटवाला गटाराच्या कठड्यावर खाली बसला आणि विधी संपेपर्यंत तिथून हलला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आबा माझ्या स्टुडिओत आले. बेटवाला होताच, हल्ली तो रोज येऊन नुसता बसायचा. आबा पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर टेकले आणि त्याला म्हणाले, "पोराचं तोंड न्हाई बघाय मिळालं. तो निजत कुठं व्हता, ती जागा तरी दाव. जितं गेला ती."

बेटवाल्याने कॉम्प्युटर उघडला. समुद्र. होडी. खेकडा. बगळा. संध्याकाळचा समुद्र. पावसाआधीचा समुद्र. तो पुढे पुढे करत गेला. मला कळत होतं, त्यालाही कळत होतं, की त्यात ते नाही. तरी त्याचं बोट थांबेना. शेवटी आबाच म्हणाले, "ह्यो समुंदर नगं दावू आता, लेका."

"आबा, म्या तिकडं कधी फोटूच काढला न्हाई."

आबा स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "तुजं फोटू बघून तो गेला, आसं म्हणत्यात लोक. म्या न्हाई म्हणत." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून, उंबऱ्यावर चपला घालून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बेटवाला परत जाणार नव्हता. इथंच मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. आबा येऊन गेल्यावर आठवड्याभराने म्हणाला, "जातो म्या."

मी चिडलो. "वेड लागलंय का? बंदी आहे म्हणतोस. धरलं तर काय करतील तुझं? लेकीचं कॉलेज व्हायचंय, बायकोला काय सांगणार?"

"सांगितलं. चार दिवस बोलंना." मग म्हणाला, "भाई, आबाला काय पायजे? जागाच दावायची हाय ना? ती म्या न्हाई दावायची तर कुणी?"

कॅमेरा त्याने माझ्याकडेच ठेवला, तो लगेच डोळ्यांवर येतो. शिवऱ्याच्या फाट्यावर मुंबईच्या गाडीसाठी मी त्याला स्कूटरवरून सोडायला गेलो. उन्हात उभे होतो. गाडी दिसल्यावर त्याने विचारलं, "आत अंधार असतोय, भाई. फ्लॅश मारला तर कळंल त्यांना. मग?"

"मोबाईल कशावर तरी टेकव. श्वास धर. आणि हळूच दाब."

"बरं," म्हणाला, आणि चढला. मी त्याला शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.

एका दुपारी माझ्या मोबाईलवर चार फोटो आले. एका खोलीच्या चार भिंती, एकेक करून. लोखंडी मांडण्यांसारखे तीन मजली खण, प्रत्येकात एक वळकटी. दोरीवर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात पाण्याचे कॅन. माणूस एकही नाही, सगळे कामावर गेलेले. फोटो जरा हलले होते, त्याच्या हातून कधी हलायचे नाहीत. खाली लिहिलं होतं, 'वरून दुसरा खण, उजवीकडला. दत्ताचा.' मी लगेच फोन लावला. लागला नाही. त्यानंतर कधीच लागला नाही.

पुढचं कळलं ते तिथल्या एका आचाऱ्याकडून. खोलीतून बाहेर पडतानाच त्याला धरलं, मोबाईल काढून घेतला आणि त्याच संध्याकाळी मालाच्या बोटीत बसवलं. आम्ही वाट बघत बसलो, पण तो घरी आलाच नाही. दोन दिवाळ्या झाल्या. कुठल्याशा देशात गाळ काढायच्या जहाजावर लागलाय, असं त्याची बायको सांगते. पैसे येतात, कधीमधी फोन येतो. फोटो मात्र पाठवत नाही, आणि घरी ये म्हटलं की फोन ठेवतो. आबांच्या वाडीसमोरून जावं लागेल ना घरी यायला. मला त्याचा राग येतो आणि तितकीच आठवणही येते. त्याचा कॅमेरा कपाटात आहे. बॅटरी खराब होऊ नये म्हणून अधूनमधून चार्जिंगला लावतो.

ते फोटो आले त्याच आठवड्यात मी मोठ्या प्रिंटा काढल्या आणि आबांना निरोप धाडला. आबा आले, चष्मा पुसला, चारही फोटो काउंटरवर मांडले. मी दत्ताचा खण दाखवला.

"हितं व्हय?"

"हो, आबा."

त्यांनी त्या खणावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मी उगीच खाली बघून कागद आवरले. मग त्यांनी बाकीचे तीन फोटो एकामागून एक उचलले, डोळ्यांजवळ नेले, पुन्हा मांडले. काहीतरी शोधत होते.

"दत्ता कदी आत निजला न्हाई," ते म्हणाले. "उन्हाळ्यात अंगणात, पावसात खिडकीला डोकं लावून. लहानपणापास्नं छाती भरायची त्याची. भाई, ह्यात खिडकी कुठं दिसंना."

मी पाहिलं. पाहायची गरज नव्हती, प्रिंटा मीच काढल्या होत्या. तीन भिंती सलग पत्र्याच्या, चौथीत दार.

"बाजूला आसंल जराशी," आबा म्हणाले. "फोटूत आली नसंल."

मी म्हणालो, "असेल आबा. बाजूला असेल."

"मंग बरं," आबा म्हणाले, आणि चारही फोटो टॉवेलात नीट गुंडाळून एसटीला गेले.