नातीची बिस्मिल्लाह

धुळ्याच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन जळगावला मुलाकडे राहायला आले तेव्हा वाटलं, चला, पोरांचा कलकलाट एकदाचा संपला. तर इथे घराच्या पुढच्या हॉलमध्येच सुनेने शाळा मांडलेली. शाळा आपली म्हणायची. फळा नाही, बाक नाहीत, छडी तर नाहीच नाही. भिंतीलगत सुताराकडून करून घेतलेल्या बुटक्या मांडण्या, त्यांवर ट्रे, आणि तीन-चार वर्षांची मुलं आपापली छोटी चटई पसरून बसलेली. कोणी तांब्यातलं पाणी पेल्यात ओततंय, कोणी काचपेपरमधून कापलेल्या अलिफ-बेवरून बोट फिरवतंय. पहिल्या दिवशी मी तासभर बघत बसले, ओरडायला एक निमित्त मिळेना.

मुलाच्या कलाने घ्यायचं, अशी तिच्या शिकवण्याची रीत. ती पुण्याला जाऊन शिकून आली. पण पुण्याहून आणलेलं तिने तसंच्या तसं इथे ओतलं नाही. तिचं म्हणणं, दीन, म्हणजे धर्मसुद्धा, लेकराला त्याच्या कलानेच द्यावा. पाण्यात हात घालायला आवडतं त्या वयातच वुजू, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं, शिकवावी, म्हणून नळ मुलांच्या कमरेच्या उंचीवर बसवलेला. पाणी सांडलं तर बोलणी नाहीत, पुसायचं फडकं तिथेच खुंटीला. केळी तर आमच्या जिल्ह्यात काय, ढिगाने. मुलं बोथट सुरीने केळं कापतात, आणि पहिली फोड उजवीकडच्या सोबत्याला देऊन मगच आपल्या तोंडात घालतात. हे त्यांना कोणी पाठ करून घेतलेलं नाही, ती रोज तसं करते म्हणून मुलंही करतात.

सकाळी उन्हं जरा वर आली की ती हॉलच्या कोपऱ्यात मुसल्ला अंथरून दोन रकात नमाज पढते. कोणाला हाक मारत नाही. ज्याला वाटेल तो शेजारी येऊन उभा राहतो, ज्याला नाही वाटत तो आपलं पाणी ओतत बसतो. मी आले तेव्हा ती एकटीच पढायची. हळूहळू एक चिमुरडी येऊ लागली, मग तिच्यामागे दोघं, आणि आता एक वेडीवाकडी रांग होते. एखादा सजद्यात कपाळ टेकायला जातो तो तिथेच लोळून राहतो. ते बघून मला दर वेळी भरून येतं, आणि मी काही ऊठसूट डोळ्याला पदर लावणारी बाई नाही. माझा आवाज तिसऱ्या गल्लीत जातो. या सुनेचा आवाज चढलेला मी अजून ऐकलेला नाही, आणि तरी मुलं माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात. याचा मला राग यायला हवा होता, पण तिच्यावर राग धरताच येत नाही.

तिचं एकच दुखणं होतं, ते म्हणजे तिचे अब्बा. आमचे व्याही हाफिज आहेत, सबंध कुराण त्यांना पाठ. धुळ्यात मशिदीला लागून मुलांना कुराण शिकवायचा त्यांचा मकतब. तिथल्या अर्ध्या मोहल्ल्याने कुराण त्यांच्यापुढे मांडी घालून शिकलेलं. माणूस सरळ, पण शिस्तीचा कडक. लेकीच्या या उद्योगाला ते खेळघर म्हणायचे. जळगावला आले की मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात यायचे, चहा घ्यायचे, नातीला मांडीवर घ्यायचे आणि निघायचे. हॉलमध्ये त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. नातेवाईक काय बोलतात याची सुनेला कधी फिकीर नव्हती. बापाने एकदा त्या हॉलमध्ये बसून आपल्या कामासाठी दुआ करावी, एवढंच तिला हवं होतं. दोन वर्षं ती त्याची वाट बघत होती. माझ्याजवळ एकदाच बोलली, पण चहा झाल्यावर ते मागच्या दाराने निघाले की ती कपबशी किती वेळ धूत राही, ते मला दिसत होतं.

अशात माझ्या नातीची बिस्मिल्लाह आली. आमच्याकडे मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याला नटवून गादीवर बसवतात. घरातलं जाणतं, शिकलेलं माणूस समोर बसून बिस्मिल्लाह, म्हणजे अल्लाहच्या नावाने सुरुवात, असं म्हणतं, मूल त्याच्यामागे म्हणतं, आणि त्याचं शिक्षण सुरू झालं असं समजून लाडू वाटतात. नातीची बिस्मिल्लाह आपणच करणार, असा व्याह्यांचा निरोप आला. सून हरखली. कार्यक्रम हॉलमध्ये ठेवला की अब्बांना तिथे यावंच लागेल, असा तिचा हिशेब. आम्हीही माना डोलावल्या. चूक झाली ती इथेच. त्या हॉलमध्ये काय करायचं ते मूल ठरवतं, हे नातीला पक्कं ठाऊक होतं. मोठ्यांपैकी कोणाच्या ते ध्यानातच आलं नाही.

त्या दिवशी धुळ्याहून जीप भरून माणसं आली, भुसावळचे रेल्वेतले दीर-जावा आले. धुळ्याची माझी जुनी शेजारीण अक्का, तीही जीपमध्ये जागा करून आली. नात गोटा लावलेल्या शराऱ्यात, गळ्यात मोगऱ्याचा हार. गादीवर बसली तेव्हा अगदी शहाण्यासारखी बसली. हाफिजसाहेब समोर बसले. घसा साफ करून सुरेख आवाजात त्यांनी बिस्मिल्लाह म्हटलं आणि थांबले.

पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिने आजूबाजूच्या सगळ्या तोंडांकडे एकदा पाहून घेतलं, गळ्यातला हार काढला, माझ्या हातात दिला आणि उठली. मांडणीपाशी गेली, आपली चटई काढली, कोपऱ्यात पसरली आणि एक टोपली घेऊन कामाला बसली.

आधी सगळे हसले. मग बोलावणं सुरू झालं. कोणी लाडू दाखवला, कोणी बाहुली कबूल केली. भुसावळच्या जाऊबाईंनी तर तिचं मनगट धरलं आणि गादीकडे ओढायला लागल्या. हाफिजसाहेब मान खाली घालून बसलेले. भरल्या घरात, आपल्या शिष्यांच्या बायका-पोरांसमोर, सख्खी नात त्यांच्यासमोरून उठून गेली होती. मी सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला. पोरीला दटावलं असतं तर बापाची शोभा राहिली असती. आम्ही कोणीच तिला दोष दिला नसता.

सून पुढे झाली आणि जाऊबाईंचा हात तिने हलकेच सोडवला. मग बापासमोर येऊन बसली. घरात आम्ही उर्दूच बोलतो, ती जे बोलली ते मी मराठीत सांगते.

"अब्बा, इथे मी कोणाच्या लेकराला जबरदस्तीने म्हणायला लावत नाही. आज माझ्या लेकीला लावलं, तर उद्या त्या लेकरांसमोर कोणत्या तोंडाने बसू?"

मला तर वाटलं, हाफिजसाहेब उठतील, टोपी नीट करतील आणि जीपमध्ये जाऊन बसतील. तेवढ्यात दाराजवळून अक्का आपल्या अहिराणीत म्हणाली, "पोरगी तिनं काम करी रायनी, करू द्या ना तिले. आठे काय आग लागेल शे का?" इथे काय आग लागलीय का, हे ऐकून एरवी मी हसले असते.

हाफिजसाहेब खरंच उठले. पण दाराकडे गेले नाहीत, कोपऱ्याकडे गेले. चटईच्या बाहेर, फरशीवर गुडघे दुमडून बसले. आणि बघत राहिले. नातीपुढे टोपलीत बोंडातून काढलेला कापूस होता. एकेक पुंजका घेऊन ती सरकी निवडत होती, सरकी वाटीत, कापूस ट्रेमध्ये. चिमटीत सरकी आली नाही की जीभ बाहेर काढून पुन्हा धरायची. मघाशी भिरभिरणारी तिची नजर आता कुठे म्हणून हलत नव्हती. आम्ही एवढे जण तिथे असून नसल्यासारखे.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. नाना, म्हणजे आईचे अब्बा, शेजारी बसलेत हे बघून तिला बरं वाटलं असावं. टोपलीतला एक पुंजका तिने त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि सरकी काढायला बोटं घातली, तोच तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"नाना, आधी बिस्मिल्लाह म्हणतात," ती म्हणाली.

सुनेच्या वर्गातलं प्रत्येक काम तसंच सुरू होतं, म्हणून मला त्यात नवल नव्हतं. नवल हाफिजसाहेबांना होतं. त्यांनी नातीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बिस्मिल्लाह म्हटलं. सबंध म्हटलं, पण मघाच्या त्या भरदार आवाजात नाही. लहान मूल म्हणतं तसं, सावकाश. नातीने मान डोलावली आणि आपल्या कामाला लागली.

त्यांनी त्या पुंजक्यातली सगळी सरकी काढून वाटीत टाकली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "बिस्मिल्लाह झाली. लाडू वाटा."

जाऊबाईंना राहवेना. पोरीने कुठे म्हटलं, असं त्यांनी विचारलंच.

"मुलांकडून म्हणवून घेण्यात माझा जन्म गेला," हाफिजसाहेब म्हणाले. "आज एका लेकराने माझ्याकडून म्हणवून घेतलं. तिला नुसतं म्हणता येत नाही, ते कशासाठी म्हणायचं तेही कळतं. याहून जास्त मी काय शिकवणार?"

मला त्या माणसाचा तेव्हा फार अभिमान वाटला. लेकीचा वाटत होताच. पण एवढ्या वयात, भरल्या घरात, चार वर्षांच्या पोरीसमोर असं वाकायला छाती लागते.

मग तिथेच, त्या फरशीवर बसून त्यांनी दोन्ही हात उचलले. या हॉलसाठी, इथे येणाऱ्या लेकरांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या आपल्या लेकीसाठी त्यांनी दुआ मागितली. घाईने नाही, चांगली सविस्तर मागितली. अक्कानेही दाराशी हात जोडले. दुआ संपली तसं सगळ्यांनी आमीन म्हटलं. सुनेचे ओठ नुसतेच हलले, आवाज काही फुटला नाही. म्हणून तिच्या वाटचं आमीन मी म्हटलं.