न फुटणारा फोन

पहिला फोन माझ्या मुलीने बादलीत बुडवला आणि दुसरा फरशीवर धोपटून मारला. मारला हाच शब्द बरोबर आहे. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या बाई गॅलरीतल्या दगडावर कपडे आपटतात, ते ही रोज टक लावून बघायची. तसाच तिने फोन दोन्ही हातांत धरला आणि आपटला, काच गेली तरी आपटत राहिली. मी स्वयंपाकघरातून धावत आले तर माझ्याकडे बघून हसली. दीड वर्षाच्या मुलांना लोक देवाघरची फुलं म्हणतात. अशा लोकांना माझ्या घरी एक दिवस ठेवायला हवं.

फोन फुटल्याचं कळताच धुळ्यातल्या आमच्या अख्ख्या देवपुरात शहाण्यांना ऊत आला. समोरच्या काकू म्हणाल्या, साधा बटणांचा घे, तुला कुठे ऑफिसात जायचंय. मी घरी शिकवण्या घेते, म्हणजे त्यांच्या लेखी रिकामी असते. नवरा म्हणाला, पोरगी मोठी होईपर्यंत थांब, माझा आहेच की. त्याचा फोन त्याच्या खिशात असतो आणि खिसा सकाळच्या बसने जळगावला जातो. सासूबाईंनी काही सुचवलं नाही. त्यांनी फक्त आपला फोन कपाटात वरच्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली.

मला फोन कशासाठी हवा होता, हे एकानेही विचारलं नाही.

मला तो आबांसाठी हवा होता. आबा म्हणजे माझे वडील. चोपड्याजवळ एका गावात त्यांची केळीची बाग आहे, दोन गायी आहेत, आणि आई गेल्यापासून घरात दुसरं कुणी नाही. बागेचं पाणी आणि गायींचं दूध सोडून त्यांना कुठे हलता येत नाही. नातीला त्यांनी मांडीवर घेतलं ते बारशाला आणि त्यानंतर एकदा, ती रांगायलाही लागली नव्हती तेव्हा. बाकी सगळं नातं फोनवर. संध्याकाळी दूध काढून झालं की ते व्हिडिओ कॉल करायचे. आधी पडद्यावर नुसता कान दिसायचा, मग कपाळ, मग सगळे आबा. "काय करी राहिनी मनी माय?" म्हणजे काय करतेय माझी माय, असं विचारून ते फोन गोठ्यात फिरवायचे, मग बागेत. "हाई देख, गाय. हाई देख, केय."

तिने उचललेला पहिला स्पष्ट शब्द 'केय' होता. केळ्याला केय. मी इतकी सुखावले की दिवसभर तिला केळी भरवली. सासूबाईंनी मात्र लगेच दुरुस्ती केली, "केळं म्हण बाळा, केळं. खेडवळ नको बोलूस." त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही जळगाव शहरातलं. त्यांच्या बोलण्यात अहिराणी येते ती फक्त भाजीवालीशी भांडताना.

दुसरा फोन गेला आणि कॉल बंद पडला. सासूबाईंच्या फोनवर आबा करणार नाहीत. मुलीच्या सासूच्या फोनवर बापाने रोज फोन करायचा नसतो, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा आहे आणि आबा तो मोडण्यातले नव्हेत. नवरा घरी पोहोचेपर्यंत आबा झोपलेले असतात, म्हणून उरला रविवार, नवऱ्याचा फोन. दोन-तीन रविवार गेले आणि पोरगी आबांचा चेहरा बघून माझ्या पदरात तोंड लपवायला लागली. आबा हसले, म्हणाले, झोप आली असेल. पण त्यांचा आवाज पडला होता आणि तो मला ऐकू आला. त्या दिवशी मी ठरवलं की आता जो फोन घेईन तो फुटता कामा नये. बाकी काही नको. नातीने आजोबांना ओळखावं, एवढंच मागत होते मी.

धुळ्यात मोबाइलची दुकानं पानटपऱ्यांइतकी आहेत. तरी खरेदीला जळगावला जायचं असं ठरलं, कारण नवऱ्याच्या घराण्याचा तिथल्या एका मारवाडी शेठवर देवापेक्षा जास्त विश्वास. आमच्या लग्नातला मिक्सरही त्याच्याकडचाच. त्याआधी धुळ्यातल्या दोन-तीन दुकानांत मी डोकं फोडून घेतलं होतं. तिथली केसांना जेल लावलेली पोरं मला सेल्फी कशी येते ते दाखवत. मी विचारायचे, पडला तर काय होतं? तर म्हणायचे, मॅडम, पाडायचा कशाला? मी म्हणायचे, मी नाही पाडणार, मुलगी पाडेल. तर म्हणायचे, मुलीला द्यायचा कशाला? ज्या माणसाने कधी लहान मूल सांभाळलेलं नाही, त्याला मूल असलेल्या बाईला काही विकायची परवानगीच नसावी.

जळगावचा शेठ निराळा निघाला. आम्ही दुकान उघडताउघडताच पोहोचलो, तो उदबत्ती ओवाळत होता. मी माझी मागणी सांगितली. त्याने कॅमेरा, मेमरी यांचं नावही काढलं नाही. खालच्या फळीवरून एक काळा, जाडजूड, कडांना रबर लावलेला फोन काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत तो खांद्यावरून मागे, दुकानाच्या फरशीवर फेकला. मग मला म्हणाला, "उचला ताई." मी उचलला. ओरखडासुद्धा नव्हता. मग त्याने तो खाली ठेवून त्यावर स्टुलाचा पाय टेकवला आणि स्टुलावर स्वतः बसला. शेठ काही किरकोळ नव्हता. शेवटी पाण्याच्या तांब्यात बुडवून वर काढला, धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"नातू शे माझ्या घरात," तो म्हणाला. मारवाडी, मराठी, अहिराणी सगळं त्याच्या तोंडात एकत्र नांदत होतं. "चावून-चावून थकला, याला काही झालं नाही. सकाळची बोहनी आहे ताई, देवासमोर खोटं बोलणार नाही."

बोहनीच्या वेळी, म्हणजे दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाशी, असला शेठ खोटं बोलत नाही. आणि पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने जाऊ देत नाही, हेही तितकंच खरं. फोन दिसायला भयंकर होता. पिशवीत टाकला की पिशवी एका बाजूला कलायची. पण परतीच्या बसमध्ये मी तो मांडीवर घेऊन बसले, आणि बऱ्याच दिवसांनी मला जगाचा राग येत नव्हता.

शेठ खरंच बोलला होता. पोरीने तो फोन जिन्यावरून टाकला, वरणात घातला, दाराच्या फटीत धरून दार लावलं. काही झालं नाही. घरात कौतुकाला भरती आली. पाहुणे आले की सासूबाई तो मुद्दाम पाडून दाखवायच्या.

आणि मग जे झालं त्याचा मला आजही संताप येतो.

आमच्या घरात आजवर पोरीच्या हातातून फोन काढून घेतला जायचा तो एकाच शब्दावर. फुटेल. आण इकडे, फुटेल. लहान मुलाने फोन बघू नये, डोळे खराब होतात, डोकं बधिर होतं, यातलं एक अक्षर या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती, 'फुटेल' पुरत होतं. माझंही त्यावरच भागत होतं. आता फुटायची भीती गेली, आणि फोन काढून घ्यायला कुणाकडे कारणच उरलं नाही. मी शिकवणीच्या पोरांना गणित घालत असायचे तेव्हा सासूबाई पोरीला खुशाल फोन लावून द्यायच्या. मी काही बोलले की ठरलेलं उत्तर, "असू दे गं, तो काही फुटत नाही." नवरा रात्री दमून आला की तेच. पोळ्या लाटताना पायात घुटमळली की मीही तेच, मग कुणाला काय बोलणार. ती जेवायची फोनसमोर, शी करायची फोनसमोर. तोंड उघडं, डोळे स्थिर, हाक मारली तरी मान वळत नाही. केय गेलं, केळंही गेलं. आता ती केळ्याला 'बनाना' म्हणते आणि सासूबाईंना त्यात काही दुरुस्त करावंसं वाटत नाही.

संध्याकाळी आबांचा कॉल यायचा तो नेमका तिच्या कार्टूनच्या मध्ये. मी तो उचलला की नाचणारे ससे जायचे आणि पडद्यावर टोपी घातलेला, दाढीचे खुंट वाढलेला म्हातारा यायचा. ती किंचाळायची. आणि मग तिला कळलं की खाली, म्हाताऱ्याच्या हनुवटीच्या जागी, एक लाल गोल असतो. त्यावर अंगठा दाबला की म्हातारा जातो आणि ससे परत येतात. एकदा कळल्यावर तिने पुन्हा कधी चूक केली नाही. आबांचं "काय करी राहिनी" पुरं व्हायच्या आत अंगठा खाली.

मी फोन ओढून घेऊन परत लावायचे. ती भोकाड पसरायची, सासूबाई आतून यायच्या, "कशाला रडवतेस लेकराला." त्या गदारोळात आबांचा आवाज यायचा, "फोन कटना का? आठे रेंजच नही. थांब, मी टाकीवर चढीसनी लावस." आणि माझा बाप खरोखर पाण्याच्या टाकीवर चढायचा. तिथून लावायचा. ही पुन्हा कापायची.

"मना फोनच बिघडेल शे," ते एकदा म्हणाले.

"नही आबा, तुमना फोन चांगला शे," मी म्हणाले. त्यापुढे काय सांगणार होते? की तुमची नात तुम्हाला रोज अंगठ्याने हाकलून देते? मी विषय बदलून गायींचं विचारलं. त्यांनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. पुढच्या बाजाराला चोपड्याला गेले आणि माझ्या फोनसारखाच काळा, रबरी कडांचा फोन घेऊन आले. आता कटणार नाही म्हणाले. तोही कटला.

आखाजी जवळ आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी जातात, आणि त्यांना न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बहुतेक भाऊच येतो. मला भाऊ नाही. गेल्या आखाजीला आबांची केळी कापणीला आलेली, म्हणून मी गेलेच नव्हते. या खेपेला त्यांनी गायी शेजाऱ्यांवर सोपवल्या आणि सांगितलं, "आखाजीले मीच येस मुऱ्हाळी. फोनमा नही दिखत ती माले नीट, डोयाम्होरे देखस." नातीला डोळ्यांसमोर बघायचं होतं त्यांना.

ते आले भर उन्हाचे. हातात केळ्यांची फणी, डोक्यावर इस्त्रीची टोपी, खिशात तो विटेसारखा फोन. पोरगी हॉलमध्ये तिच्या फोनसमोर बसली होती. सासूबाई पाणी आणायला आत गेल्या. आबा चपला काढून तिच्यासमोर उकिडवे बसले, गुडघे धरून, कसेबसे. चेहरा अगदी तिच्या चेहऱ्यासमोर आणला.

"मनी माय," ते म्हणाले. "मी आबा."

तिने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने हात पुढे केला आणि अंगठा त्यांच्या हनुवटीवर ठेवून दाबला.

आबा गेले नाहीत. तिने पुन्हा दाबला. जरा जोरात, बरोबर त्याच जागी, आणि ससे आले का बघावं तशी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली.

आबांनी तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. केळीच्या चिकाने काळे पडलेले हात. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "वळखी लिधं माले. देख, वळखी लिधं तिनी."

"हो आबा, ओळखलं," मी म्हणाले. "वळखी लिधं."

मी तिच्या पुढ्यातला फोन उचलला आणि गॅलरीत गेले. मागे ती रडायला लागली होती आणि आबा तिला केळं सोलून देत होते. धुण्याचा दगड उन्हाने तापला होता. मी फोन दोन्ही हातांत धरला आणि दगडावर आपटला. मग पुन्हा आपटला. खांदे दुखेपर्यंत आपटत राहिले.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "पोरीने पाडला वाटतं. असू दे गं, तो काही फुटत नाही."